ठेंगण्या दारावरचा दगड

मित्रांनो, मी दारावरचा एक जुना दगड आहे. लांबी साडेतीन हात, रंग काळा, आणि स्वभाव कसा ते तुम्हीच ठरवा. आजवर मी इतकी डोकी फोडलीत की मोजदाद कधीच सोडून दिली. रिसालदाराचं फोडलं, सरपंचाचं फोडलं, एका नवरदेवाचं तर हळदीच्या अंगानं फोडलं. खरं सांगतो, मी कधी कुणाच्या अंगावर धावून गेलो नाही. मी होतो तिथंच होतो. लोकच यायचे आणि धडकायचे. तरी नाव माझंच खराब. म्हणून मागच्या पोळ्याला मला फोडायला मशीन आलं, तेव्हा गावात कुणालाच नवल वाटलं नाही. त्या दिवशी माझं काय झालं तेच सांगायला बसलोय. पण आधी माझ्या दाराची गोष्ट ऐका.

गंगाखेडच्या खालच्या अंगाला, गंगेच्या काठावर तकियावाडी नावाचं गाव आहे. गंगा म्हणजे आमची गोदावरी, आणि तकिया म्हणजे दरवेशी फकिरांचा मठ. तीनशे वर्षांपूर्वी तिथं मुसाफिरशाह नावाचा दरवेशी आला. कुठून आला ते कुणाला ठाऊक नव्हतं, त्यालाही नीट आठवत नव्हतं. पाठीवर तांब्याची डेग होती, पन्नास माणसांची खिचडी शिजेल एवढी. ती वाहून वाहून त्याची पाठ अशी वाकली होती की डेग खाली उतरली तरी पाठ सरळ व्हायला तयार नव्हती.

गावानं त्याला मठ बांधून द्यायचं ठरवलं. सिद्राम पाथरवटानं आठ भिंतींची एक खोली उभी केली. वर घुमट, घुमटाच्या टाळूला भोक, खाली बरोबर मध्ये धुनी. धुनीचा धूर त्या भोकातून जायचा. भिंतींच्या आत फकिरांना निजायला कोठड्या होत्या, पण इतक्या लहान की गुडघे पोटाशी घेतल्याशिवाय झोप नाही. चुन्यात गूळ, बेलफळ आणि उडदाचं पीठ कालवलं होतं. पहिले सहा महिने मुंग्यांनी आम्हाला सोडलं नाही.

शेवटी दार राहिलं. सिद्राम म्हणाला, “साईं, दाराचं माप घ्यायचंय. जरा उभं ऱ्हावा.”

“उभाच हाय की मी,” मुसाफिरशाह म्हणाला.

सिद्राम भिडस्त माणूस. साधुपुरुषाला दुसऱ्यांदा कसं सांगायचं? त्यानं गुपचूप सुतळी लावली, डोक्यापाशी गाठ मारली आणि त्या गाठीएवढं दार केलं. तीन हात उंच. त्यावर मला बसवलं. मुसाफिरशाह ऐटीत, जसा होता तसा, आत गेला. सिद्राम इनामाचं उपरणं खांद्यावर टाकून नाचत बाहेर निघाला आणि कडाड! पहिलं डोकं मी फोडलं ते मला घडवणाऱ्याचं. रक्ताची धार नाकापर्यंत आली. मुसाफिरशाहनं धुनीतली चिमूटभर राख जखमेवर दाबली, स्वतःचा रुमाल फाडून बांधला आणि त्याच्या हातात गरम भाकर दिली.

पुढं शहाणी माणसं आली. एक म्हणाला, देवापुढं मान लवावी म्हणून दार ठेंगणं ठेवलंय. दुसरा म्हणाला, शत्रूला आत घुसता येऊ नये म्हणून. तिसऱ्यानं माझ्यावर व्याख्यानच दिलं, आणि ते देत देत बाहेर निघाला. त्याला चार टाके पडले. खरं कारण मला ठाऊक होतं. एकाची पाठ आणि दुसऱ्याची भीड. पण दगडाला कोण विचारतो?

हळूहळू गावाला एक रीत लागली. दोघांचं भांडण विकोपाला गेलं की गाव त्यांना माझ्यापाशी आणायचं. एका रुमालानं त्यांचे दंड एकमेकांना बांधायचे आणि जोडीनं आत सोडायचे. दार एका माणसाचं, त्यात दोघं. खांद्याला खांदा घासून दोघं एकदम वाकले तरच आत जाता यायचं. एक जरी ताठ राहिला तरी दोघांची टाळकी सडकायची. आत गेले की एकमेकांच्या कपाळाला राख लावायची आणि एका भाकरीचे दोन तुकडे करून खायचे. कित्येक भांडणं अशी मिटली. काही पहिल्या फटक्यात, काही सातव्या.

मुसाफिरशाह गेला आणि मठातच दोन तट पडले. डफवाले फकीर आणि चिमटेवाले फकीर. वाद एवढाच की उरुसात आधी डफ वाजवायचा का चिमटा. एका उरुसात पेटलं. डफवाल्यांनी चिमटेवाल्यांच्या डोक्यात डफ घातले. डोकी डफातून वर निघाली, आणि गळ्यात डफ अडकवून माणसं लढायला लागली. चिमट्यांनी दाढ्या ओढल्या, बोटं मोडली. डेगेतली कढत खिचडी पळ्यापळ्यांनी एकमेकांवर उडाली. देवाचं नाव दोन्हीकडून चालूच होतं.

हे सोडवायला निजामाचा एक रिसालदार घोड्यावरून आला. एक म्हातारा फकीर हात जोडून म्हणाला, “हुजूर, उतरा. दार ठेंगणं आहे.”

“मी फक्त निजामापुढं उतरतो,” असं म्हणून त्यानं टाच मारली.

घोडं शहाणं. त्यानं मान खाली घातली, अंग चोरलं आणि आत गेलं. रिसालदार बाहेर राहिला, उताणा. पुढचे दोन दात माझ्यापाशी ठेवून तो उठला. आत घोडं एकटंच धुनीला फेरा मारून लंगरच्या भाकरी खात उभं होतं. ते बघून रिसालदाराचा संताप आणखी वाढला. फकीर बाहेर! डफ बंद! धुनी बुजवा! आजपासून इथं फक्त नमाज! तोंडात रक्त भरलं होतं, म्हणून हुकूम तीनदा सांगावा लागला.

सत्तर फकीर माझ्याखालून बाहेर गेले. सुजलेले, भाजलेले, गळ्यात फाटके डफ. एकाचंही डोकं मला लागलं नाही. सवयीनं ते न बघताच वाकत होते. मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाईट वाटलं.

मग मठाची मशीद झाली. पण सिद्रामनं मठाचं तोंड गंगेच्या वाऱ्याकडं केलं होतं, आणि नमाजाला तोंड पश्चिमेकडं हवं. पश्चिम नेमकी दोन भिंतींच्या कोपऱ्यात आली. म्हणून इमामाचा कोनाडा, म्हणजे मेहराब, कोपऱ्यातच कोरावा लागला, आणि नमाजाच्या रांगा फरशीला तिरप्या आल्या. नवा माणूस भिंतीला धरून सरळ उभा राहतो आणि शेजारचा त्याला दंड धरून फिरवतो. धुनीवर फरशी बसली, पण घुमटाचं भोक तसंच राहिलं. पाऊस त्यातून बरोबर एका जागी पडतो. ती जागा पावसाळ्यात नेहमी रिकामी असते.

मला काढायला रिसालदारानं दोन गवंडी लावले होते. एकानं छिन्नीऐवजी अंगठा ठोकला, दुसऱ्याचा हातोडा माझ्यावरून उसळून त्याच्याच गुडघ्यावर बसला. तिसरा गवंडी यायच्या आधी रिसालदाराची बदली झाली आणि हुकूम गेला वाऱ्यावर. पहिला इमाम मात्र भला माणूस. त्यानं राखेचं मडकं फेकलं नाही, कोनाड्यात ठेवून दिलं. रीत चालू राहिली. सगळ्या आळ्यांतली भांडखोर माणसं माझ्याकडं येत राहिली. ज्यांच्या घरात रोज वेगळ्या देवाचं नाव निघायचं, त्यांचं रक्त माझ्यावर एकाच रंगाचं वाळलं.

पुढं दिवस पालटले. बहुतेक भांडणारे पोलीस ठाण्यात जायला लागले, तिथं दारं उंच. कोठड्यांत कबुतरं राहायला आली. भोंगा एकदा तारेसकट माझ्यावर पडला, तो कुणी आठ दिवस उचलला नाही. माझी विचारपूस करायला राहिले एकटे पाशूमियाँ. मशिदीची झाडलोट करणारे, सत्तरी ओलांडलेले, आणि योगायोग बघा, पाठीत वाकलेले. तीनशे वर्षांनी माझ्या मापाचा माणूस भेटला होता.

मागच्या वर्षी दुरुस्ती निघाली. काम बघायला हरिओम नावाचा गुत्तेदार, म्हणजे ठेकेदार, आला. उंची सहा फूट, टेप हातात, लक्ष मोबाईलमध्ये. आत येताना एकदा धडकला. बाहेर जाताना धडकला. आत राहिलेला टेप आणायला परत गेला तेव्हा तिसऱ्यांदा.

“पाशूमियाँ, हे दार हाय का सापळा?” कपाळ चोळत तो ओरडला.

“मेरेकू तो कभी नई लगा, बाबा.”

“तुमी वाकलेलेच हाव!”

“तुम बी हो जाते. जरा उमर लगती.”

हरिओमनं त्याच दमात तांबड्या रंगानं माझ्यावर फुली मारली. “पोळ्याच्या दिवशी मशीन आणतो. सगळं गाव वेशीत आसल. कुणी आडवं येणार न्हाई. सात फुटी लोखंडी दार बशिवतो, गाडीसुद्धा आत जाईल.”

“गाडीकू नमाज कायकू?” पाशूमियाँ म्हणाले. पण ते कुणी ऐकलं नाही.

पोळ्याचा दिवस आला. वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. त्याखालून सजवलेले बैल न्यायचे, आणि पहिला मान एका घराचा, तो ठरलेला. त्या वर्षी घोळ असा की त्या घराचेच दोन तुकडे झाले होते. नर्मदाबाईचे दोन लेक वेगळे निघाले होते. थोरल्या बन्सीधरनं बैल ठेवले. धाकट्या महारुद्रनं स्वतःच्या वाट्याचे बैल विकून ट्रॅक्टर घेतला होता. पठ्ठ्यानं तोच सजवून आणला! बोनेटवर झूल, आरशांना गोंडे, सायलेन्सरला घुंगरमाळ.

वेस माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. मला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं.

“मान बैलाचा आसतो, लोखंडाचा न्हाई,” बन्सीधर म्हणाला.

“तुह्या बैलानं सालभर काय केलं रे दादा? शेण केलं. नांगरलं माह्या ट्रॅक्टरनं.”

“मंग त्याला पुरणपोळी चार की! बघू खातो का.”

गाव हसलं, आणि त्या हसण्यानं घात केला. महारुद्रनं ट्रॅक्टर पुढं घातला. बन्सीधरनं काठीनं त्याचे दोन्ही दिवे फोडले. महारुद्रनं खाली उडी मारून हातातला पाना भावाच्या नाकावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. बन्सीधर रक्ताळल्या तोंडानंच त्याच्यावर पडला आणि कान चावला. निम्मा कान लोंबायला लागला. दोघं नैवेद्याच्या ताटांवरून लोळले. पुरणात रक्त, रक्तात पुरण. सोडवायला गेलेल्या एकाचे दात पडले, दुसऱ्याचं धोतर गेलं. बैल शांत उभे राहून तोरणाची पानं खात होते.

मग महारुद्रनं सीटखालची कुऱ्हाड काढली, आणि एकदम कुणी हसेना.

कुऱ्हाडीचा दांडा धरला तो नर्मदाबाईनं. सत्तर वर्षांची बाई, पण हात शेतातले. “मुडदा बशिवला तुमचा! एक दवाखान्यात जाईल आन् एक जेलात. मला दोन्हीकडं डबा न्यायचं वय ऱ्हायलंय का? चला दारापाशी!” एकाचा धड कान आणि दुसऱ्याचे केस धरून तिनं दोघांना ओढत माझ्याकडं आणलं. मागं सगळं गाव.

इकडं माझी काय गत? मशीनवर धम्मदीप बसला होता, पूर्णेचा ड्रायव्हर. त्यानं पहिला फटका मारला होता. मी जागेवर राहिलो, पण माझ्या पोटातून एक चीर आरपार गेली. दुसऱ्या फटक्याला बकेट वर उचललेलं, आणि खाली नर्मदाबाई.

“थांब रे लेकरा. माही पोरं आत जाऊन येऊ दे. मंग काय फोडायचं ते फोड.”

धम्मदीपनं मशीन बंद केलं. खाली उतरून तो म्हणाला, “जाऊ द्या मावशी. माहं आन् मेव्हण्याचं बी हितंच मिटलंय. पाचव्या दणक्याला.”

“आरे, दिवस जायलाय!” हरिओम पुढं येऊन ओरडला. “वाकायला शिकवायला ह्यांना दगड लागतो का?”

“तुला तीनदा लागला,” नर्मदाबाई म्हणाली.

पाशूमियाँनी आपला रुमाल काढला आणि दोघांचे दंड गच्च बांधले. आणि मित्रांनो, तीनशे वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, यांनी धडकू नये. माझ्या पोटातली चीर फक्त मला ठाऊक होती. धडकले तर मी तुटणार, आणि तुटलो तर ह्या बाईच्या दोन्ही लेकांवर पडणार. आयुष्यभर मी डोकी फोडली, पण जीव एकाचाही घेतला नव्हता. ओरडावंसं वाटलं. दगडाला तोंड कुठलं?

दोघं माझ्यासमोर उभे राहिले. एकाच्या नाकातून धार, दुसऱ्याच्या कानातून.

“तू मोठा. तू वाक आधी,” महारुद्र म्हणाला.

“मान पायजे व्हता ना तुला? घे की. जा फुडं.”

तोरणाखाली दोघांना आधी जायचं होतं. माझ्याखाली दोघांना शेवटी वाकायचं होतं. रेटारेटी सुरू झाली. ह्यानं त्याला ढकललं, त्यानं ह्याला ओढलं, आणि दोन्ही टाळकी एकदम माझ्यावर आदळली. धाड! चीर उघडली. वरून चुन्याचा तीनशे वर्षांचा भुगा गळला. दोघांनी वर बघितलं. मी सुटलो होतो.

दंड बांधलेले. एकट्यानं पळता येईना. सोडवायला वेळ नाही. मग जे झालं ते डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात. महारुद्रनं भावाला मिठी मारली, बन्सीधरनं त्याचं डोकं आपल्या छातीखाली दाबलं, आणि दोघं एकदम वाकले. इतके की मुसाफिरशाहसुद्धा तेवढा वाकला नसता. गोळा होऊन ते आत गडगडले आणि मी त्यांच्या टाचांमागं, एक वीत मागं, आदळलो. माझे दोन तुकडे झाले. थोरला तुकडा उसळून थेट हरिओमच्या पायावर बसला.

धुरळा इतका उठला की काही दिसेना. नर्मदाबाईच्या तोंडून एक आवाज निघाला. तो मला पुन्हा कधी ऐकायचा नाही.

मग आतून, धुनीच्या फरशीवरून, बोलणं आलं.

“दादा, जिता हैस का?”

“हाव. कानाला हात लावू नको, आजून लोंबायलाय. मीच चावला... लय लागलं का रे?”

“तुह्या नाकाएवढं न्हाई.”

नर्मदाबाई मटकन खाली बसली आणि बसल्या बसल्या दोघांना शिव्या द्यायला लागली. त्या शिव्या थांबूच नयेत असं मला वाटलं. पाशूमियाँनी मडक्यातली राख आणली. भावांनी एकमेकांच्या कपाळाला फासली. चिखल लागलेली एक पुरणपोळी दोघांत मोडली. मग धम्मदीपनं दोघांना मशीनच्या बकेटमध्ये बसवून गंगाखेडच्या दवाखान्यात पोचवलं, रुमाल न सोडता. डॉक्टरांनी कान शिवला, नाक बसवलं. इकडं बैल तोरण खाऊन आपले आपण घरी गेले होते. ट्रॅक्टर ब्रेक न लावल्यानं उतारावरून गेला आणि गंगेच्या गाळात बसला. त्या पोळ्याला मान कुणालाच मिळाला नाही. ट्रॅक्टर गाळातून काढायला बन्सीधरचेच बैल जुंपले.

आणि माझं? हरिओम म्हणाला, “फेका गंगेत!” तो हे म्हणाला तेव्हा पायाचा अंगठा दोन्ही हातांत धरून कमरेत वाकला होता. पाशूमियाँ माझ्या थोरल्या तुकड्यावर जाऊन बसले. शेजारी नर्मदाबाई बसली. “फेकायचा आसल तर आमाला घिऊन फेक,” ती म्हणाली. शेवटी ठरलं, वर नाही तर खाली तरी राहू दे. दगडाचा उंबरठा करा.

आता शेवटची गंमत ऐका. मला बसवायच्या दिवशी हरिओम खुर्चीत, त्याचा प्लास्टरातला पाय ठेंगण्या स्टुलावर. गवंड्यानं विचारलं, “किती वर ठिवू?” हरिओमनं दुखऱ्या पायाशी हात धरून दाखवलं, “एवढा.” म्हणायचं होतं पावलाएवढा, पण पाय होता स्टुलावर. माप गेलं स्टुलाचं! गवंडी बिचारा भिडस्त. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. पुन्हा तेच. एकाचं दुखणं आणि दुसऱ्याची भीड.

आता दार सात फुटी आहे. आत कुणीही ताठ मानेनं येतो, आणि पहिल्याच पावलाला माझ्यावर अंगठा आपटतो. आपटला की कळवळून वाकतो. इमाम वाकतात, सरपंच वाकतो, हरिओम कामाचं बिल मागायला आला तोही वाकला. भांडणारे अजून येतात, दंड बांधून. फक्त आता राख अंगठ्याला लावतात.

मित्रांनो, माझं एक मागणं आहे. जुनं काही फोडायच्या आधी ते तसं का आहे ते एखाद्या वाकलेल्या माणसाला विचारा. ठाऊक असेल तर तो सांगेल. नसेल तर तोही चार गोष्टी रचून सांगेल, तेवढ्यात तुमच्या हातातला हातोडा तरी खाली येईल. आणि तकियावाडीला आलात तर खुशाल ताठ चाला, फक्त पायाखाली बघून या. तेवढ्यासाठी मान खाली घालावीच लागेल. मला त्याहून जास्त काही नको.